लंकाबाईची सागवानी जमीन

भिमाजी उसाच्या ट्रॉलीवरून पडला तेव्हा लंकाबाई डोक्यावर मोळी घेऊन शिडीच्या पायथ्याशी उभी होती. ट्रॉलीला शिडी लावायची, मोळी घेऊन वर चढायचं, मोळी टाकून पुन्हा खाली यायचं, हे काम दोघांनी लग्नापासून केलेलं. त्या पहाटे शिडी दवानं निसरडी झाली होती. भिमाजी पाठीवर पडला आणि उठायला गेला, तर कमरेखालचं अंग त्याचं ऐकेना. लंकाबाईला वाटलं, चमक भरली असेल. तिनं त्याचे पाय चोळले. तो म्हणाला, "चोळ की जरा." ती चोळतच होती.

मी त्यांच्या वाडीतल्या उपकेंद्रात नर्स म्हणून हजर झाले तेव्हा या गोष्टीला वर्ष उलटलं होतं. मी मूळची पुणतांब्याची, गोदावरीच्या काठची. लहानपणी आमच्या उसाच्या बांधाला तोडणीवाल्यांच्या कोप्या पडायच्या. पाचटाच्या त्या बुटक्या झोपड्यांमधून धूर निघताना मी कितीदा पाहिला होता. पण ती माणसं कुठून येतात हे पाथर्डी तालुक्यात नोकरी लागल्यावरच कळलं. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. कुलपं, म्हातारी माणसं आणि कुत्री मागे राहतात.

भिमाजीच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती जखमा बघायला. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, खाली सिमेंटचा कोबा. कोबा ठिकठिकाणी उखडलेला, त्यातून खडी वर आलेली. भिमाजी भिंतीला टेकून बसला होता. खाट होती, पण ती उभी करून ठेवलेली.

"खाटेवर का नाही झोपवत यांना?" मी विचारलं.

लंकाबाई काही बोलायच्या आत भिमाजीच बोलला. "रात्रीचं झोपतो की. दिवसा न्हाई झोपायचा. खाटंवर पडलेला मानूस म्हंजी तिरडीवर पडल्यावानीच. मला दारात जाऊ द्या, चुलीपाशी जाऊ द्या."

तो जायचा तो हातांवर. दोन्ही तळवे टेकायचा, अंग उचलायचा, पुढे ठेवायचा. पाय मागून फरफटत यायचे. कोब्यावर घासून त्याच्या मांड्या आणि घोटे सोलले होते, आणि पाठीखाली एक जखम खोल गेली होती. त्याला दुखत नव्हतं. तीच भीती. दुखणारा माणूस सावरून बसतो. याच्या जखमा याला दिसल्या तरच कळायच्या, आणि बऱ्याच जागा त्याला दिसणाऱ्या नव्हत्या.

लंकाबाईनं गोधडी अंथरून पाहिली. तो सरकला की गोधडीचा बोळा व्हायचा. प्लॅस्टिकची चटई आणली, ती फाटली. मी चाकांच्या खुर्चीसाठी अर्ज केला आणि खुर्ची आलीही; पण त्या दारातून ती आत जाईना, आणि बाहेर नुसते दगड. ती बाहेरच पडवीत राहिली. तिच्यावर तो ऊन खात बसायचा, तेवढाच उपयोग.

दुसऱ्या हिवाळ्यात लंकाबाईनं नगरला पाडकामाच्या टोळीत काम धरलं. मुलगा अंगद आणि सून आरती तोडीला गेले होते. भिमाजीला शेजारची त्याची भावजय बनुबाई बघायची. लंकाबाई आठवडाभर नगरला राहायची आणि बाजाराच्या दिवशी एसटीनं घरी यायची. कॅम्पातला एक जुना बंगला पाडायचा होता. विटा, कौलं, दारं, सगळं वेगवेगळं काढून टेम्पोत भरायचं.

त्या बंगल्यात मधे एक मोठी खोली होती. तिची जमीन लाकडी होती. लंकाबाईनं ती पहिल्यांदा पाहिली त्या सकाळी पौषातली थंडी होती. बाहेरच्या शहाबादीवर पाय ठेववत नव्हता. ती चपला काढून खोलीत शिरली आणि तिथंच उभी राहिली. हे तिनं मला नंतर सांगितलं. "बाई, खाली कायबी गार न्हवतं. जनू कुनी आत्ताच उठून गेल्यावर जागा ऊबदार राहती ना, तसं. मी खालीच बसले. मग हातावर सरकून पाह्यलं. आमचे हे सरकत्यात तसं. टोळीतल्या बायका हसायल्या, लंके येडी झाली का म्हनून."

फळ्या सागवानी होत्या. वर कुणीतरी कधीतरी लाल रंग दिलेला, त्याखाली हिरवा, त्याखाली काळपट जुनं पॉलिश. ठेकेदार म्हणाला, रंग लागलेलं लाकूड, कडा फुटलेल्या, बेकरीवाल्याला जळणाला देऊ. लंकाबाईनं मजुरीऐवजी फळ्या मागितल्या. ठेकेदाराला आधी चेष्टा वाटली, मग तो हो म्हणाला. तिच्या मनात काय आहे हे त्यानं विचारलं नाही.

टेम्पो वाडीत आला तेव्हा पारावरची म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. सरपणाचा एवढा ढीग कशाला? जमिनीसाठी म्हटल्यावर तर वाडीला आठवडाभराचा विषय मिळाला. काकासाहेब म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे. ते म्हणाले, "लंकाबाईनं घरात तमाशाचा फड घातला. आता नाचायचं कुनी?"

भिमाजी खुर्चीतून म्हणाला, "मीच नाचतो. या बघायला."

मला मात्र हे पटलं नव्हतं. मी लंकाबाईला स्पष्ट सांगितलं, "लाकडाला कुसळं असतात. यांना कुसळ गेलं तर कळणार नाही."

"बन्सीमामा रंधा मारनार हाय," ती म्हणाली.

बन्सी सुतार वाडीतलाच. तिफणी आणि कुळव करण्यात आयुष्य गेलं. हल्ली ट्रॅक्टर आल्यापासून तो दारं दुरुस्त करायचा. त्यानं कोब्यावर लाकडी पट्ट्या ठोकल्या, वाळवीचं औषध मारलं आणि बाहेरच्या खोलीत आणि तिथून आत चुलीपर्यंत फळ्या बसवल्या. वरचा रंग सुटलेला तेवढा खरवडला आणि दिसतील त्या ठिकाणी रंधा फिरवला. जमीन लाल, हिरवी, काळी अशी कबरी दिसत होती. पण सपाट होती. भिमाजीनं तिच्यावर पहिली फेरी मारली तेव्हा मी तिथं होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो सरसर गेला. वळला. परत आला. त्याचा श्वास वाढला होता आणि तो हसत होता.

"आगं, गाडीच हाय ही," तो म्हणाला.

माझी शंका मी गिळली.

चैत्रात त्याला ताप आला. मी गोळ्या दिल्या, ताप हटेना. अंग तपासलं तेव्हा मांडीच्या मागच्या बाजूला लाल गाठ सापडली. मी ती दाबली आणि आतून पू आला. पुवाबरोबर लाकडाचं एक बारीक कुसळ. ते किती दिवस आत होतं कोण जाणे. लाली मांडीवर पसरत चालली होती. अंगद आणि आरती तोडीवरून नुकतेच परतले होते. अंगदनं जीप बोलावली आणि आम्ही भिमाजीला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मांडी चिरून साफ केली आणि म्हणाले, बरेच दिवस ठेवावं लागेल. अंगद बापाजवळ राहिला.

मी परत आले तेव्हा लंकाबाई पहार घेऊन खोलीत उभी होती. दाराजवळची एक फळी तिनं उचकटली होती. बन्सी उंबऱ्यावर बसला होता आणि तिला थांबवत नव्हता.

"तुमी सांगितलं हुतं," ती मला म्हणाली. "मी ऐकलं न्हाई. मीच त्यांच्या अंगात लाकूड घातलं."

सांगितलं होतं हे खरं होतं. पण त्याला सरसर जाताना मीही पाहिलं होतं. मी म्हटलं, "उखडून काय करणार? खाली पुन्हा तोच कोबा. त्या जखमा विसरलात?"

तिनं पहार खाली टेकवली. मग बन्सी बोलला. "लंके, चूक माझी हाय. मी ह्याला तिफनीचं लाकूड समजलो. तिफनीला काय, मातीत जायचं असतं. ही जमीन अंगाला लागनारी. ह्याचा समदा रंग काढावा लागंल, समदं घासावं लागंल. हातावर फिरवलेल्या दगडावानी झाली पायजे. माझ्या गुडघ्यात आता तेवढा दम न्हाई. तू घासशील तर मी सांगतो."

"घासते," ती म्हणाली आणि उचकटलेली फळी पायानं जागेवर सरकवली.

तो वैशाख मी कधी विसरणार नाही. उपकेंद्रातून घरी जाताना मी रोज तिच्याकडे डोकवायचे आणि ती रोज गुडघ्यांवर बसलेली असायची. आधी बन्सीनं सगळ्या खिळ्यांची डोकी लाकडात आत ठोकायला लावली. मग रंग. लोखंडी पत्तीनं लाल रंग निघाला, हिरवा निघाला. जुनं पॉलिश मात्र डांबरासारखं चिकटून बसलं होतं. ते तिनं काचेच्या तुकड्यानं ओढून काढलं. रंगाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मी तिला मास्क दिले. आरतीला तान्ह्या बाळाला घेऊन बनुबाईच्या घरी राहायला सांगितलं.

रंग गेल्यावर पॉलिश पेपर. बन्सीच्या ओळखीनं पाथर्डीहून घासायचं मशीन आलं, पण वीज असायची ती चार तास आणि तीही भलत्या वेळी. बाकीचं तिनं हातानं केलं. पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळायचा आणि रेषेच्या बाजूनं घासायचं. आडवं घासलं की ओरखडे पडतात. आधी खरखरीत पेपर, मग मध्यम, मग अगदी बारीक. फटींमधे भुसा आणि सरस कालवून भरायचा, वाळला की पुन्हा घासायचं.

"ऊस तोडताना कंबर जायची," एकदा ती म्हणाली, "इथं गुडघं गेलं. मानसाच्या अंगात काय काय असतं बघा जायला."

पण तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. लाकूड आता उघडं पडू लागलं होतं. मधासारखं पिवळं, मधे गडद तपकिरी रेषा. एके दिवशी तिनं मला हात धरून आत नेलं आणि एका फळीवर बोट ठेवलं. "हे पाह्यलं का? झाड वाढताना हितं फांदी हुती. तिच्याभवतीनं समद्या रेषा वळून गेल्यात. पान्यानं दगडाला वळसा घालावा तशा."

घासून झालं असं तिला वाटलं, त्या दिवशी मी तिच्या सोललेल्या बोटांना मलमपट्टी करत होते. कापसाचा बोळा हातातून निसटून खाली पडला. मी तो उचलला तर एक धागा फळीला अडकून राहिला. आम्ही दोघींनी तो पाहिला. मी तिथं बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. कापसाला लागलं होतं.

लंकाबाई उठली आणि आतून कापसाचं गाठोडं घेऊन आली. उशा भरायला ठेवलेला, मागल्या वर्षी वेचलेला शेतातला कापूस. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून कापूस फिरवत खोलीभर सरकलो. जिथं धागा अडकेल तिथं ती खडूनं खूण करायची. खुणाच खुणा झाल्या. त्या बघून मला रडू यायला लागलं, इतकं सगळं करून झाल्यावर. ती मात्र म्हणाली, "बरं झालं. आता तरी दिसतंय कुठं हाय ते." आणि पेपर घेऊन पहिल्या खुणेशी बसली.

कापूस कुठंच अडकेना झाला तेव्हा बन्सीनं बेलतेल आणायला लावलं. हे जवसाचं उकळलेलं तेल. ते लाकडात मुरतं आणि वाळून घट्ट होतं. चिंधीनं पातळ हात मारायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं, मग दुसरा हात. पहिला हात मारला तेव्हा सारी जमीन एकदम गडद झाली आणि रेषा उठून दिसल्या. बनुबाई दारातून बघत होती. ती नुसतीच "आगं बया" म्हणाली.

दुसरा हात मारल्यावर लंकाबाईनं तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून दाराच्या कोपऱ्यात टाकला आणि हातपाय धुवायला मागे गेली. दुपारचं ऊन पत्र्यावर नुसतं तापत होतं. परत आली तेव्हा खोलीत धूर होता. आग कुणी लावली नव्हती, चूल पेटलेली नव्हती. चिंध्या आपोआप धुमसत होत्या आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यातून जाळ निघाला. तिनं दोन्ही हातांनी तो पेटता गोळा उचलला आणि अंगणात फेकला.

मी धावत गेले तेव्हा ती हात हौदात बुडवून उभी होती. तळव्यांना फोड आले होते. बन्सी डोकं धरून बसला होता. "तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नसत्यात. त्यांना आतून ऊब येती. पसरून वाळवायच्या. हे मला म्हाईत हुतं गं. सांगायचं राह्यलं."

"जमीन?" लंकाबाईनं विचारलं. तिला हातांचं काही नव्हतं.

कोपऱ्यात ताटाएवढा काळा डाग पडला होता. बाकी सगळं शाबूत. तिचे हात बरे होईपर्यंत बन्सीनं आणि मी मिळून तेवढी जागा घासली. डाग सगळा निघाला नाही, पण कापूस अडकेना झाला.

भिमाजी मृगाच्या आधी घरी आला. अंगदनं त्याला पाठीवर घेऊन उंबरा ओलांडला आणि खाली ठेवलं. लंकाबाई भिंतीशी उभी होती, पदराचं टोक बोटांना गुंडाळत. भिमाजीनं तळवा जमिनीवर ठेवला आणि फिरवला. मग बायकोकडे पाहिलं. तिच्या हातांवरची नवी गुलाबी कातडी त्याला दिसली.

"हे काय झालं?"

"पोळलं जरा."

"लंके," तो म्हणाला. त्यानं हात टेकले, अंग उचललं आणि हळूहळू खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं तोंड भिंतीकडे करून बराच वेळ बसला.

मी रोज त्याच्या मांड्या आणि पाठ तपासायचे. पावसाळा सरेपर्यंत जखमा भरल्या. दरम्यान त्यानं एक नवीनच उद्योग सुरू केला होता. बसून आतल्या खोलीत जाता येतं, चूल जमिनीलगतच आहे, परातही हाताशी येते, हे त्याच्या ध्यानात आलं. लंकाबाई खुरपणीला गेली की तो भाकरी थापायला बसायचा. पहिल्या भाकरी नकाशासारख्या झाल्या. काकासाहेबांना हे कळल्यावर ते बोलणारच. भिमाजीनं त्यांना बोलावलं, समोर बसवलं आणि पिठल्याबरोबर भाकरी वाढली. त्यांनी खाल्ली. जाताना एवढंच म्हणाले, "मीठ बरं पडलंय."

दिवाळी झाली आणि तोडीच्या गाड्या आल्या. अंगद आणि आरतीनं हंगामाची आगाऊ उचल घेतलेली, जावंच लागणार होतं. त्यांची मुलगी रेश्मा वर्षाची होत आली होती. ती गेल्या हंगामात कोपीतच जन्मली होती, पाचटाच्या ओलीत, आणि वाडीत आली ती छाती भरूनच. मी तिला किती महिने औषधं दिली होती. या खेपेला आरती माझ्याकडे आली. "बाई, हिला घेऊन जाऊ का नको?"

'नको' हे माझ्या तोंडून यावं असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "घरी विचार."

घरी भिमाजीनं आधीच ठरवलेलं होतं. "ती ऱ्हाईल हितं. माझ्याजवळ."

"मामंजी, ती रांगती. तिच्या मागं पळायचं कुनी?"

"पळायचं कशाला? ती जिथं जाईल तिथं मीबी जातो," तो म्हणाला. "आमी दोघं एकाच उंचीचं."

गाडी निघाली तेव्हा आरती ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत पदरात तोंड घालून बसली होती. लंकाबाईनं पोरीला घरात नेलं, तिनं आई जाताना पाहू नये म्हणून.

तो हिवाळा मी त्या घरात वरचेवर गेले. रेश्मा रांगायची सोडून आजोबासारखी सरकायला लागली होती. तळवे टेकायची, बूड उचलायची, पुढे ठेवायची. दोघं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शर्यत लावायचे आणि भिमाजी मुद्दाम हरायचा. मला काळजी वाटली. मी तिचे पाय वाकवून बघितले, गुडघे दाबले, काही कमी नव्हतं. तरी लंकाबाईला म्हटलं, हिला धरून उभं करत जा.

"करते की," ती म्हणाली. "पन तिला ह्यांच्यावानीच चालायचंय."

संक्रांतीनंतर एका दुपारी भिमाजी भाकरी थापत होता आणि रेश्मा शेजारी पिठात हात घालत होती. मांजर दारातून आत आलं. तिला ते हवं होतं. तिनं भिमाजीचा खांदा धरला, उभी राहिली आणि सरळ चालत मांजराकडे गेली. मांजर पळालं. ती खोलीच्या मधोमध उभी राहून रडायला लागली. भिमाजीचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले. "लंके! आगं लंके!" लंकाबाई मागून धावत आली. तिला वाटलं, हा पडला.

आरती आणि अंगद गुढीपाडव्याला परतले. आरतीनं गाडीतून उतरल्याबरोबर हात पसरले. पोरगी तिच्याकडे बघत राहिली, मग वळली आणि पळत जाऊन आजोबाच्या पाठीमागे लपली. आरतीचा चेहरा पडला. अंगद खाली बघत बोचकी उतरवायला लागला.

भिमाजीनं नातीला पुढे ओढलं नाही. तो आरतीला म्हणाला, "पोरी, चप्पल काढ अन् खाली बस. बोलू नगंस. येईल ती."

आरती बसली. लंकाबाईनं तिला पाणी दिलं. प्रवासानं सुजलेले पाय लांब करून, भिंतीला टेकून, ती तशीच गप्प बसून राहिली. मी उंबऱ्यावरून परत फिरले. लसीकरणाचा दिवस होता, बायका उपकेंद्रात खोळंबल्या होत्या. संध्याकाळी त्याच रस्त्यानं गेले तेव्हा दार उघडं होतं. आरती जमिनीवरच आडवी होऊन गाढ झोपली होती आणि रेश्मा तिच्या पोटाशी बसून तिच्या बांगड्या एकेक करून मनगटावरून खाली सरकवत होती.